सतरा वर्षांखालील मुलींना बास्केटबॉलमधलं ड्राइव्ह-मोशन शिकवतंय का कुणी? एक घुसते, चौघी बघत बसतात

सिमेंटकोर्ट | ६ जुलै, रात्री १०:१४

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. कॉलेजात बास्केटबॉल खेळायचो, तेवढ्या भांडवलावर चार वर्षांपूर्वी मुख्याध्यापकांनी सतरा वर्षांखालील मुलींचा संघ माझ्या गळ्यात मारला. आता परत मागायला आले तर देणार नाही, ही गोष्ट वेगळी. अकरा मुली, एक सिमेंटचं कोर्ट, दोन रिंगा (एकीला जाळी नाही), सहा नंबरचे सात चेंडू. सराव साडेचार ते सव्वासहा, त्यातही क्लासवाल्या तिघी पावणेसहाला सायकली काढतात.

गेल्या वर्षापर्यंत आम्ही पाच सेट प्ले पाठ करायचो. मी बोटं दाखवायची, की ठरलेला पास, ठरलेला स्क्रीन (डिफेंडरची वाट अडवून उभं राहणं), ठरलेला कट. जिल्हा स्पर्धेत समोरच्या मुलींनी पहिलाच पास अडवला आणि आमच्या पोरी पाठांतर विसरल्यासारख्या उभ्या. अख्ख्या सामन्यात आमचे १९ गुण. त्यातले आठ एकटीचे, प्ले मोडल्यावर चिडून सरळ आत घुसून केलेले.

ते आठ गुण डोक्यात राहिले. मग उन्हाळ्यात ड्रिबल-ड्राइव्ह मोशनबद्दल (ड्राइव्ह म्हणजे चेंडू आपटत रिंगकडे घुसणं) मिळेल ते वाचलं, व्हिडिओ पाहिले. चौघी बाहेर पसरलेल्या, एक पोस्ट (रिंगजवळची खेळाडू) चेंडूच्या विरुद्ध बाजूला, स्क्रीन जवळजवळ नाहीतच. जागा दिसली की घुस. मदतीला कुणी आली तर तिने सोडलेल्या मुलीला पास. कागदावर इतकं सोपं की मलाच शंका आली.

शंका खरी ठरली. आमची सात नंबरची घुसते आणि बाकीच्या गणपतीची मिरवणूक गॅलरीतून बघावी तशा बघतात. ओरडलो की उलटं होतं. चौघीही "पास, पास" करत तिच्या अंगावर येतात, प्रत्येकीबरोबर एक डिफेंडर फुकट. ड्राइव्ह बऱ्यापैकी करणाऱ्या दोघी, डाव्या हाताने ले-अप (रिंगखाली जाऊन टाकायचा शॉट) मारणारी एकही नाही, लांबून बास्केट घालणारी एखादी, तीही वाऱ्याची दिशा बरोबर असेल तर.

स्पर्धा ऑगस्टमध्ये. हा नाद धरू की गपचूप सेट प्लेकडे जाऊ? कुणी या वयाच्या मुलामुलींना हे शिकवलंय का?

---

बाकावरचा | ६ जुलै, रात्री १०:३१

आमच्या शाळेच्या संघातही एक घुसायचा आणि चौघं बघायचे. मी पाचवा नव्हतो. मी बाकावरून बघायचो.

---

जंपस्टॉप | ६ जुलै, रात्री ११:५२

पुण्यात एका क्लबात पोरांना शिकवतो, मुलींचाही एक गट होता तीन वर्षं. सर, सेट प्लेकडे जाऊ नका एवढ्यात. तुम्ही दोन महिने ड्राइव्ह शिकवलीत, असं दिसतंय. ती त्या सात नंबरवालीला आधीच येत होती. शिकवायचं आहे ते ज्यांच्याकडे चेंडू नाही त्यांना.

प्रत्येकीला एकच प्रश्न विचारायला लावा: ड्राइव्ह माझ्याकडे येतेय की माझ्यापासून लांब जातेय?

माझ्याकडे येतेय आणि मी कोपऱ्यात आहे, तर कोपऱ्यातच राहायचं. हे सगळ्यात अवघड, कारण पोरांचा जीव चेंडूकडे ओढतो. तुम्ही जागेवर राहिलात तर तुमच्या डिफेंडरपुढे धर्मसंकट. मदतीला गेली तर तुम्ही मोकळ्या, नाही गेली तर ले-अप. तुम्ही दोन पावलं जवळ आलात की तिचं संकट संपलं. ती मधे उभी राहून दोघींना धरते.

लांब जातेय, तर घुसणारीने सोडलेल्या जागेकडे सरकायचं. आम्ही तिला नुसतं "मागची" म्हणतो. घुसणारी अडकली तर चेंडू मागचीकडे परत. ही मागची नसेल तर तुमची सात नंबरची तीन जणींच्या गराड्यात पिव्होट करत (एक पाय रोवून गोल फिरत) बसणार आणि पंच बोटं मोजणार.

पोस्टने विरुद्ध ब्लॉकवर (रिंगच्या बाजूच्या खुणेवर) थांबायचं. चेंडू मागायला पुढे यायचं नाही, आली की घुसायची वाट तीच बुजवते. तिची डिफेंडर उठून ड्राइव्ह अडवायला गेली, की हिने तिच्या पाठीमागून बेसलाइनला धरून सरकायचं आणि हात छातीशी तयार ठेवायचे. हा पास हातभर अंतराचा असतो, पण शाळेच्या मुलींच्या हातून सगळ्यात जास्त हाच सुटतो. रोज दहा मिनिटं फक्त हाच.

घुसणारीला माझी एकच खूण: दुसऱ्या डिफेंडरचं पोट तुझ्याकडे वळलेलं दिसलं की तिची मुलगी मोकळी. बघ आणि दे.

आणि स्टॅच्यू खेळा. चार-चार खेळवा, ड्राइव्ह पेंटमध्ये (रिंगसमोरच्या आखलेल्या चौकोनात) शिरली की "स्टॅच्यू!" सगळ्या जिथल्या तिथे. मग कोण कुठे उभी आहे ते त्यांनाच बघू दे. तुम्ही बोलायचं नाही. तिसऱ्या दिवशी त्या एकमेकींवर ओरडायला लागतात.

---

गणितमास्तर | ७ जुलै, सकाळी ७:०५

जंपस्टॉप यांचा प्रतिसाद वाचनीय, पण पायाच कच्चा आहे. ही सगळी इमारत नेमबाजीवर उभी आहे. कोपऱ्यातल्या मुलीला कुणीतरी घाबरलं पाहिजे ना! आपल्याकडे फिबाचे (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेचे) नियम: तीन गुणांची रेषा ६.७५ मीटर, कोपऱ्यात जेमतेम १५ सेंटिमीटर कमी. धागाकर्ते स्वतःच सांगतात, लांबून घालणारी एखादीच. मग मी समोरचा प्रशिक्षक असेन तर २-३ झोन (पुढे दोघी, मागे तिघी, प्रत्येकीने आपापली जागा राखायची) लावीन, पाचही जणींना पेंटभोवती उभं करीन आणि हात वर करून वाट बघीन. अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, एनबीएत, बचाव करणाऱ्यालाही पेंटमध्ये तीन सेकंदांची मर्यादा आहे, फिबात नाही. माझी सेंटर तिथे तंबू ठोकून राहू शकते. या या, घुसा.

अमेरिकेतली पद्धत सांगलीत आणताना अमेरिकेतला नियम आणता येत नाही, इतकंच.

---

बाकावरचा | ७ जुलै, सकाळी ८:२०

मास्तर सकाळी सातला तंबू ठोकतात. पॉपकॉर्न आणतो.

---

फ्रेस्नोकर | ७ जुलै, सकाळी ९:४७

इथे रात्र आहे, पण हा धागा बघून झोप उडाली, कारण ही पद्धत माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर जन्मली. क्लोव्हिस म्हणजे कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोला चिकटलेलं गाव. त्याचं नाव लावणाऱ्या, पण फ्रेस्नोतच असलेल्या क्लोव्हिस वेस्ट हायस्कूलला व्हान्स वॉलबर्ग नावाचे प्रशिक्षक होते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्याकडे एक भन्नाट वेगाचा पॉइंट गार्ड (चेंडू पुढे नेणारा खेळाडू) होता. त्याला घुसायला वाट हवी आणि नेमका पोस्ट खेळाडू वाटेत उभा. म्हणून पोस्टला पलीकडे नेऊन ठेवला. तिथून सगळं सुरू. पुढे ते फ्रेस्नो सिटी कॉलेजात गेले, तिथे पद्धत पक्की झाली. त्यांनी नाव ठेवलं होतं ए-ए-एस-ए-ए, म्हणजे अटॅक, अटॅक, स्किप, अटॅक, अटॅक. २००३ च्या सुमारास मेम्फिस विद्यापीठाचे तेव्हाचे प्रशिक्षक जॉन कॅलिपारी यांना ती कळली आणि २००७-०८ मध्ये डेरिक रोझ या खेळाडूला घेऊन त्यांचा संघ थेट एनसीएएच्या (इथल्या कॉलेज स्पर्धेच्या) अंतिम सामन्यात पोचला. तेव्हा जगाला कळलं.

आता मास्तर, तुमचा नियमांचा मुद्दा अर्धाच बरोबर. हायस्कूल आणि कॉलेज बास्केटबॉलमध्ये इथेही बचावाला तीन सेकंदांचं बंधन नाही. ही पद्धत तंबू ठोकलेल्या सेंटरसमोरच वाढली, एनबीएत नव्हे. मात्र रेषेबद्दल तुम्हाला बोनस गुण: मेम्फिसच्या त्या हंगामात कॉलेजची तीन गुणांची रेषा ६.०२ मीटरवर होती, पुढच्याच हंगामात मागे सरकली. पाऊण मीटर म्हणजे या वयात दोन इयत्तांचा फरक.

बाकी माझा मुलगा मिडल स्कूलमध्ये हेच खेळतो. अर्ध्या वेळा चौघं बघतच बसतात. सांगलीच्या पोरींनी वाईट वाटून घेऊ नये.

---

गणितमास्तर | ७ जुलै, सकाळी १०:१२

एनसीएएबद्दलची दुरुस्ती मान्य. तंबू अर्धा गुंडाळतो. रेषेचा मुद्दा कायम.

---

नागपाडा८३ | ७ जुलै, दुपारी १:३०

मोबाईलवरून टंकतोय, चुका पोटात घाला.

नागपाड्यात मस्तान तलावच्या ग्राउंडवर वाढलो. संध्याकाळी कोर्टभोवती इतकी गर्दी, की चेंडू बाहेर गेला तर परत येईपर्यंत तीन जणांचे शॉट मारून व्हायचे. तिथे मोशन वगैरे शब्द नव्हते. हरला तो संघ बाहेर, आणि पुन्हा नंबर लागायला तास. त्यामुळे कुणी बघत उभा राहिला तर त्याचेच चार दोस्त त्याला आयुष्यभर ऐकवायचे.

सर, राग मानू नका. डाव्या हाताने ले-अप मारणारी एकही नाही म्हणता आणि कॅलिफोर्नियाची पद्धत काय लावता? उजव्याच हाताच्या मुलीला बचाव करणारी एक पाऊल तिच्या उजव्या हाताच्या बाजूला सरकून उभी राहिली, की संपली तुमची ड्राइव्ह. आमचे उस्ताद उजवा हात शर्टात घालून ठेवायला लावायचे. महिनाभर जेवण सोडून सगळं डाव्याने. आधी हात, मग डोकं.

---

जंपस्टॉप | ७ जुलै, दुपारी २:१५

काका, हाताबद्दल शंभर टक्के. पण "आधी हात, मग डोकं" म्हणत बसलो तर हात येईपर्यंत पोरगी दहावीला जाते आणि खेळ सुटतो. दोन्ही बरोबरच शिकवायला लागतं.

---

नागपाडा८३ | ७ जुलै, दुपारी २:१८

हे दहावीचं मात्र खरं बोललात.

---

खोखोवाली | ७ जुलै, संध्याकाळी ६:४०

बास्केटबॉलमधलं शष्प कळत नाही, पण बारा वर्षं खो-खो खेळले आणि "चौघी बघत बसतात" वाचून राहवलं नाही.

खो-खोत बसलेल्या आठ जणी बघत नसतात, वाचत असतात. पळणारी साखळी घेतेय का, एकेरी की दुहेरी, मला खो मिळाला तर ती माझ्या कुठल्या बाजूला असेल, हे खो मिळण्याआधी ठरलेलं असतं. खो मिळाल्यावर विचार करणारी उठेपर्यंत पळणारी पार पोलाला. सर, तुमच्या मुलींपैकी कुणी खो-खो खेळत असेल तर तिला कोपऱ्यात उभी करा आणि सांगा, हा पास म्हणजे खो.

---

सिमेंटकोर्ट | ७ जुलै, रात्री ९:०२

बाई, तुम्ही कमाल केलीत. अकरापैकी चौघी खो-खोच्या आहेत, हिवाळ्यात क्रीडाशिक्षक त्यांना पळवून नेतात म्हणून मी दरवर्षी भांडतो. उद्या हेच वाक्य वापरतो.

---

रांगडा_रेडर | ७ जुलै, रात्री ९:२०

खो-खो कशाला, कबड्डी घ्या. चढाईला गेलेला आणि ड्राइव्ह मारणारी एकच. कोपरा पुढे आला की मध्ये जागा, मध्य पुढे आला की...

---

खोखोवाली | ७ जुलै, रात्री ९:२४

कबड्डीत चढाईच्या वेळी त्याचे सहा साथीदार काय करतात हो?

---

रांगडा_रेडर | ७ जुलै, रात्री ९:३१

बघत बसतात.

---

बाकावरचा | ७ जुलै, रात्री ९:३२

धागा पूर्ण वर्तुळात. कुलूप लावा.

---

सातनंबरचीआई | ८ जुलै, दुपारी १२:१०

माझी मुलगीही योगायोगाने सात नंबर घालते, दुसऱ्या शहरात. तुमची नव्हे.

गेल्या वर्षी तिच्या प्रशिक्षकांनी (गाव-नाव सांगत नाही) अशीच काहीशी पद्धत सुरू केली. "तू वेगवान आहेस, तू घुस." ती घुसायची. चेंडू गेला, की पुढच्या मिनिटाला बाहेर. एका सामन्यात पाच वेळा आत-बाहेर झाली, मी मोजलं. घरी येऊन काही बोलली नाही, दप्तर ठेवलं आणि आंघोळीला गेली ती पाऊण तास. पुढच्या सामन्यापासून तिने ड्राइव्ह करणंच सोडलं. चेंडू मिळाला की गरम तव्याला हात लागावा तसा दुसरीकडे. आता सगळे म्हणतात, तिचा खेळ मंदावला.

तुमच्यातल्या जाणकारांना माझा प्रश्न: असला खेळ शिकवायचा, तर चुका किती माफ, हे आधी मुलींना सांगता का?

---

जंपस्टॉप | ८ जुलै, दुपारी ३:४५

ताई, हे वाचून मला माझीच दोन-तीन पोरं आठवली. पहिल्या वर्षी मीही असाच होतो.

पुढे नियम केला आणि सगळ्यांसमोर बोललो: घुसताना चेंडू गेला तर मी कुणालाही बाहेर काढणार नाही. चेंडू नसताना जागेवर बघत उभी राहिली, तर काढीन. दोन आठवडे सामने बघवत नव्हते. पण बाहेर बसायचं कारण बदललं की पोरांचं लक्ष कुठे जातं तेही बदलतं. आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा चेंडू घालवणारीची चूक नसतेच. कोपऱ्यातली जवळ आलेली असते, मागची सरकलेलीच नसते. वहीत चूक मात्र घुसणारीच्या नावावर.

---

सातनंबरचीआई | ८ जुलै, दुपारी ४:०२

हे तिला वाचून दाखवते. धन्यवाद.

---

पंचमहाभूत | ९ जुलै, रात्री १०:५५

पंधरा वर्षं शिट्टी फुंकतोय, सगळ्या जिल्ह्यांच्या शिव्या खाल्ल्यात. या धाग्यात पंचांची बाजूही हवी.

मुली घुसायला लागल्या की दोन शिट्ट्या वाढतात: स्टेप (चेंडू धरून जास्त पावलं) आणि चार्जिंग (बचाववालीला धडकणं). २०१७ पासून फिबाने शून्य पाऊल आणलं. धावताना चेंडू हातात येतो तेव्हा जमिनीवर असलेला पाय मोजायचा नाही, त्यानंतर दोन पावलं. आमच्यातले काही जण अजून त्याला स्टेप देतात हे खरं, पण खेळाडूही तिसरं पाऊल टाकून शून्याच्या नावावर खपवतात. आणि जंपस्टॉपराव, तुमच्या नावाबद्दलच एक: चेंडू धरून पहिलं पाऊल एका पायावर टाकलं आणि मग उडी मारून दोन्ही पायांवर उतरली, तर त्यानंतर पिव्होट नाही. कुठलाही पाय उचलून पुन्हा टेकवला की स्टेप. चेंडू धरून थेट दोन्ही पायांवर उतरली तर कुठलाही एक पाय पिव्होट करू शकते. हा फरक प्रशिक्षकांनाच ठाऊक नसतो, मग बाहेरून "काय स्टेप झाली" म्हणून ओरडतात.

रिंगखालचं १.२५ मीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ, ज्याच्या आत उभ्या असलेल्या बचाववालीला धडकलं तर चार्जिंग नाही, ते शाळेच्या निम्म्या कोर्टांवर रंगवलेलंच नसतं. आमच्या अंदाजावर चालतं, आणि अंदाज माणसागणिक.

---

सिमेंटकोर्ट | ९ जुलै, रात्री ११:२०

अर्धवर्तुळ कसलं, आमच्या कोर्टावर पेंट अजून जुना समलंब चौकोनच आहे, आणि तीन गुणांची रेषा ६.२५ ला. २०१० मध्ये नियम बदलला ते रंगाऱ्याला कुणी कळवलंच नाही. नवी रेषा मी चुन्याने मारतो, ती पहिल्या सरीबरोबर वाहून जाते.

---

विदर्भवाला | १० जुलै, सकाळी ९:१५

चुना सोडा सर, जुनी सायकलची ट्यूब कापून गोल करा, वरून पत्र्याचे खिळे. पाच जागी पाच गोल. आमच्याकडे नागपुरात एका ग्राउंडवर असेच होते. पोरगी गोलात नसली तर पास द्यायचाच नाही. आठ दिवसांत जागा पाठ.

---

पंचमहाभूत | १० जुलै, सकाळी ९:४०

कोर्टावर खिळे?! मी तो सामना घेणार नाही.

---

विदर्भवाला | १० जुलै, सकाळी ९:४८

बरं, डांबराने चिकटवा मग. चिडता काऊन?

---

सिमेंटकोर्ट | १४ जुलै, रात्री १०:०५

पावसाने कोर्ट शेवाळलंय, आठवडा झाला सराव बंद. पण बंद म्हणजे अगदीच नाही. शाळेच्या सभागृहात रिंग नाही, म्हणून आधी हळहळलो. मग लक्षात आलं, रिंगच नाही तर चेंडू टाकायची घाई नाही. खडूने पाच गोल काढले (ट्यूब नाही, खिळे नाहीत), भिंतीवर एक खूण केली ती रिंग. सात नंबरची घुसते, मी "स्टॅच्यू" ओरडतो. पहिल्या दिवशी चौघींपैकी तिघी गोलाबाहेर. काल एक. खो-खोवाल्या चौघी तर इतक्या चढल्यात की पास घेताना मुद्दाम "खो" ओरडतात.

आता मास्तरांच्या झोनचं काय? सरावसामन्यात शेजारच्या शाळेने लावला आणि आम्ही भिंतीवर डोकं आपटलं. २-३. कोपऱ्यातून शॉट जात नाही.

---

जंपस्टॉप | १५ जुलै, दुपारी १:०८

झोनपुढे मुली एकेका डिफेंडरला धरून ड्राइव्ह करतात, कारण मॅन-टू-मॅनची (एकीला एक धरण्याची) सवय. २-३ मध्ये पुढच्या दोघींच्या बरोबर मधोमध घुसायला सांगा. दोघींनाही वाटतं, ही माझी. दोघी मिटल्या की विंगवरची (बाजूला उभी असलेली) मोकळी. तिला पास गेला, की मागच्या तिघींतली कडेची तिच्यावर धावते आणि कोपरा उघडा पडतो. तिथून शॉट जात नसेल तर मारूच नका. चेंडू घेऊन एक ड्रिबल आत, चार मीटरवर उभं राहून मारा. हा शॉट सगळ्यांना येतो आणि झोनमध्ये तो अडवायला कुणी घरी नसतं.

पोस्टला ब्लॉकवर ठेवू नका या वेळी. फ्री थ्रो रेषेवर आणा. मग मधल्या डिफेंडरला तंबू सोडून वर यावं लागतं.

मुख्य म्हणजे पहिल्या ड्राइव्हवर गुण मिळणार नाहीत, हे मुलींना आधीच सांगा. वॉलबर्गच्या त्या नावात अटॅक चार वेळा आहे, फ्रेस्नोकरांनी सांगितलंच. पहिली घूस बचाव हलवायला, चेंडू बाहेर आला की दुसरीने लगेच घुसायचं, समोरची अजून तिच्याकडे धावत येतेय तोवर. थांबून, चेंडू डोक्यावर धरून "आता काय सर?" म्हणून तुमच्याकडे बघितलं की मोशन मेली.

---

गणितमास्तर | १५ जुलै, दुपारी २:००

चार मीटरचा शॉट मान्य. रेषेचा मुद्दाही आता निम्मा मागे घेतो. माझ्याकडे मुद्दे कमी पडत चाललेत.

---

नागपाडा८३ | १५ जुलै, संध्याकाळी ५:३०

फ्रेस्नोवाल्यांनी मेम्फिसची अर्धीच गोष्ट सांगितली. तो २००८ चा अंतिम सामना मी पाहिलाय. कॅन्सससमोर दोन-सव्वादोन मिनिटं उरली असताना मेम्फिसला नऊ गुणांची आघाडी. मग फ्री थ्रो सोडले, एकामागून एक. कॅन्ससच्या मारिओ चाल्मर्सने शेवटच्या क्षणी तीन गुणांचा मारून ६३-६३ केलं, जादा वेळेत मेम्फिसवाले ७५-६८ ने हरले. घुसणाऱ्या संघाला फ्री थ्रो भरपूर मिळतात. घालायचे कुणी? सरावाच्या शेवटी, पाय दमलेले असताना, प्रत्येकीने दहा. आणि डावा हात.

---

फ्रेस्नोकर | १५ जुलै, रात्री ९:१०

काका, जखमेवर मीठ. शिवाय पुढे एनसीएएने मेम्फिसचा तो अख्खा हंगामच रेकॉर्डमधून काढून टाकला, रोझच्या पात्रतेच्या भानगडीत. म्हणजे हरलेही आणि कागदोपत्री खेळलेही नाहीत.

---

बाकावरचा | १५ जुलै, रात्री ९:१४

कागदोपत्री न खेळणं! माझी पूर्ण कारकीर्द.

---

सिमेंटकोर्ट | २६ ऑगस्ट, रात्री ९:३७

मंडळी, धागा वर काढतोय. जिल्हा स्पर्धा झाली. तीन सामने, दोन जिंकलो, उपांत्य सामना ३१-३६ ने हरलो.

पहिल्या सामन्यात निम्मा वेळ जुनंच चित्र. सात नंबरची घुसतेय, बाकीच्या कठड्यावर. मध्यंतरात मी काही बोललो नाही, फक्त जी बघत उभी होती तिला बाहेर घेतलं. ती म्हणाली, "सर, मी काहीच चुकले नाही." म्हटलं, म्हणूनच.

उपांत्य सामन्यातला एक प्रसंग सांगतो. समोर २-३ झोन. सात नंबरची पुढच्या दोघींच्या मधून घुसली, दोघी मिटल्या, विंगवर पास. विंगवरची आमची सगळ्यात भित्री मुलगी. वर्षभर चेंडू मिळाला की माझ्याकडे बघायची. या वेळी बघितलं नाही, धावत येणाऱ्या डिफेंडरच्या बाजूने सरळ आत. झोनची मधली वर आली, आणि फ्री थ्रो रेषेवरून खाली सरकलेल्या पोस्टने छातीशी हात धरलेले होते. हातभर पास, ले-अप. बाकावरून खो-खोवाली किंचाळली, "खो!" पंचांनी आमच्या बाकाकडे वळून बघितलं. (पंचमहाभूत, तुम्ही नव्हतात ना?)

असं अख्ख्या स्पर्धेत मोजून सहा-सात वेळा झालं. बाकीच्या वेळी चेंडू गेले, पुष्कळ गेले. सेट प्लेवर असतो तर तो पहिला सामना कदाचित जास्त सहज जिंकलो असतो, हेही सांगून टाकतो.

हरलो ते शेवटच्या चार मिनिटांत. त्यांनी फुल कोर्ट प्रेस (अख्ख्या कोर्टभर अंगावर येणारा बचाव) लावला, आम्ही मधली रेषाच ओलांडेना, मग ड्राइव्ह कुठून करणार? आणि फ्री थ्रो: चौदापैकी पाच. नागपाड्याचे काका, तुम्ही काही बोलू नका.

---

नागपाडा८३ | २६ ऑगस्ट, रात्री ९:४१

मी कुठे काय बोललो. डावा हात?

---

सिमेंटकोर्ट | २६ ऑगस्ट, रात्री ९:५०

दोघींना येतो आता. तिसरी शर्टात उजवा हात घालून पळताना पडली, गुडघा फुटला, तिच्या आईला मीच फोन केला.

---

सातनंबरचीआई | २६ ऑगस्ट, रात्री १०:१५

ती विंगवरची मुलगी कितवीत आहे?

---

सिमेंटकोर्ट | २६ ऑगस्ट, रात्री १०:१८

आठवीत. अजून दोन वर्षं आहे माझ्याकडे.

---

जंपस्टॉप | २६ ऑगस्ट, रात्री ११:०३

मग तिला पुढच्या वर्षी पॉइंटला आणा. सात नंबरवाली घुसायला कुठूनही घुसेल. आणि प्रेस मोडण्यावर वेगळा धागा काढा, इथे लिहिलं तर मास्तर पुन्हा तंबू घेऊन येतील.

---

गणितमास्तर | २७ ऑगस्ट, सकाळी ७:०२

आलो. चौदापैकी पाच म्हणजे साधारण ३६ टक्के. उरलेल्या नऊपैकी सहा गेले असते तर सामना ३७-३६.